बेनिनचे ओतीव दप्तर

गेल्या उन्हाळ्यात विलायतेची सफर करून आलेल्या आमच्या एका परिचित गृहस्थांनी तेथील छायाचित्रे पाहण्यासाठी आम्हांस अगत्याने घरी बोलाविले. गृहस्थ सुशिक्षित, वाचनाची आवड असलेले, घरात दोन कपाटे भरून मराठी ग्रंथ. राजवाडे, पूल, बागा वगैरे पाहून झाल्यावर ब्रिटिश म्यूझियमच्या तळघरातील आफ्रिका-दालनाची चित्रे आली. लांबचलांब दांड्यांवर ओळीने अडकविलेले पितळी पट्ट होते, आणि त्यांवर ढाली घेतलेले योद्धे, तुताऱ्या फुंकणारे सेवक, गळ्यापासून हनुवटीपर्यंत पोवळ्यांच्या माळा ल्यालेला राजा अशी चित्रे उठावाने कोरल्यासारखी दिसत होती. आम्ही ती निरखीत आहो तोच गृहस्थ सहज म्हणाले, "हे काही त्या लोकांच्या हातचे काम नव्हे, पोर्तुगीजांनी शिकविले असणार. आणि कोणी का केले असेना, इंग्रजांनी नेऊन ठेवले म्हणून राहिले तरी. तिथे असते तर वितळवून खाल्ले असते!" मंडळी हसली, चहा आला, आणि विषय तेथेच संपला.

आमच्या पुरता मात्र तो संपला नाही. हे दोन वाक्यांचे शहाणपण त्या एका गृहस्थाचे असते तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या मध्यमवर्गीय घरांतून आफ्रिकेचा विषय निघाला की हीच दोन वाक्ये थोड्याफार फरकाने ऐकू येतात, आणि ती उच्चारणारी मंडळी बहुधा तीच असतात जी मेकॉलेने १८३५ साली आमच्या साऱ्या वाङ्मयाची किंमत युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीइतकी ठरविली म्हणून आजही संतापाने लाल होतात. तेव्हा ही दोन वाक्ये एकदा नीट तपासून पाहणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम हे बेनिन कोठले ते सांगितले पाहिजे, कारण त्या नावाचा एक स्वतंत्र देशही आज नकाशावर आहे. पूर्वी डाहोमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या देशाने १९७५ साली हे नाव घेतले. त्याचा आमच्या विषयाशी संबंध नाही. आमचे बेनिन म्हणजे हल्लीच्या नायजेरियातील एदो लोकांचे प्राचीन राज्य. त्याच्या राजास ओबा म्हणतात, आणि बेनिन शहरात आजही ओबा गादीवर आहे. या शहरात ओताऱ्यांची एक आळी आहे, तिचे नाव इगुन. पुण्यास जशी तांबट आळी, तशीच ही. पिढ्यान् पिढ्या राजवाड्यासाठी धातू ओतणाऱ्या कुळांचा संघ तेथे राहत आला, आणि पूर्वी राजाज्ञेवाचून त्यांना दुसऱ्या कोणासाठी ओतकाम करण्याची मुभा नव्हती. ओतकामाची विद्या इफे या योरुबा नगरीहून एका ओबाने आणविली असे त्यांची परंपरा सांगते. आपली विद्या दुसऱ्याकडून आली हे मोकळेपणाने सांगणारी परंपरा खोटे बोलत असेल असे मानण्यास आम्हांस तरी कारण दिसत नाही.

ही विद्या कोणती? मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर चढवून त्यावर नाक, डोळे, वेण्या, मणी सारे बारीकसारीक काम करावयाचे. वरून पातळ मातीचे लेप देऊन ते वाळवावयाचे. मग आच देऊन मेण वितळवून बाहेर काढावयाचे, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागी पितळेचा रस ओतावयाचा. थंड झाल्यावर साचा फोडला की आतून वस्तू निघते. आमच्याकडे हिला मधूच्छिष्टविधान म्हणत. मधूच्छिष्ट म्हणजे मधमाशांचे मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त या कृतीचे वर्णन आहे, आणि मेण तोलून त्याच्या किती पट धातू घ्यावा याचे प्रमाणही दिले आहे. ही विद्या किती नाजूक आहे हे आमच्या मूर्तिकारांस विचारावे. आच थोडी कमी पडली, रस मध्येच थिजला, लेपात हवा राहिली, की महिन्याची मेहनत फुकट. बेनिनच्या कित्येक मस्तकांची जाडी अवघी दोन-तीन मिलिमीटर आहे. बर्लिनच्या संग्रहालयासाठी या वस्तू मोठ्या संख्येने खरेदी करणाऱ्या फेलिक्स फॉन लुशान या जर्मन पंडिताने या ओताऱ्यांस इटलीच्या चेल्लिनीच्या पंक्तीस बसविले, ते काही दयाबुद्धीने नव्हे.

आता पोर्तुगीजांविषयी. पोर्तुगीज बेनिनला पोहोचले ते पंधराव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत. त्याच नायजेरियात, इग्बो-उक्वू या गावी, जमिनीखालून निघालेली ब्राँझची भांडी, शंख आणि दंड हे नवव्या-दहाव्या शतकांतील आहेत, आणि तेही याच मेणाच्या रीतीने ओतलेले आहेत. एका माणसाला १९३८च्या सुमारास घराच्या आवारात पाण्याचा हौद खणताना त्यांतील पहिल्या वस्तू सापडल्या. पुढे १९५९-६० साली थर्स्टन शॉ यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. म्हणजे वास्को द गामाच्या पणजोबाचाही जन्म होण्याच्या कितीतरी आधी हे ओतारी आपले काम करीत होते. इफे येथील राजमस्तके पाहून लेओ फ्रोबेनियस नावाचा जर्मन विद्वान १९१० साली इतका चकित झाला की ही समुद्रात बुडालेल्या अटलांटिस खंडातील ग्रीकांची वसाहत असली पाहिजे असे त्याने ठरविले! मूर्ती आफ्रिकेच्या मातीत सापडली, तिचा चेहरा आफ्रिकी, तिच्या गालावरील रेषा त्या लोकांच्या गालांवर दिसणाऱ्या. पण ती घडविणारा मात्र जगात कोठेही अस्तित्वात नसलेल्या बेटावरचा! पोर्तुगीज बेनिनच्या पट्टांवर आहेत, हे खरे. दाढ्या, टोप्या आणि बंदुका यांसह ते तेथे पुष्कळदा आढळतात. परंतु चित्रात काढलेला मनुष्य हा चित्रकाराचा गुरू असतो, हा न्याय आम्ही दुसरीकडे कोठे ऐकला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या वस्तूंस 'कला' म्हणून काचेच्या पेटीत ठेवल्याने त्या काय होत्या हेच विसरले जाते. हे सुमारे नऊशे पट्ट प्रामुख्याने सोळाव्या-सतराव्या शतकांत ओतले गेले आणि राजवाड्याच्या खांबांवर ठोकले गेले. स्वतः आफ्रिकेत कधीही न गेलेल्या, पण प्रवाशांची टिपणे साक्षेपाने जमविणाऱ्या ओल्फर्ट डाप्पर या डच ग्रंथकाराने १६६८ साली छापलेल्या पुस्तकात, बेनिनच्या राजवाड्यातील खांब लढायांची चित्रे असलेल्या ओतीव तांब्याने मढविलेले आहेत असे लिहून ठेविले आहे. पुढे केव्हातरी हे पट्ट खांबांवरून उतरवून कोठीत ठेविले गेले. १८९७ साली ते धूळ खात पडलेले सापडले म्हणून 'त्या लोकांस त्यांची किंमत नव्हती' असा सिद्धांत निघाला. परंतु दरबारी मंडळींत चालत आलेली आठवण अशी की, कोणाचा मान कोठे, कोणता पोषाख कोणत्या प्रसंगी, असा वाद पडला की कोठीतील पट्ट काढून पाहिले जात. आता पेशवे दप्तराचे रुमालही धूळच खात पडले होते. म्हणून ते रद्दी होते काय? ज्यास आपण दप्तरखाना म्हणतो त्यास एदो लोकांनी कागदाऐवजी पितळ वापरले, एवढाच भेद. त्यांच्या भाषेत 'स्मरण करणे' या अर्थी एक शब्दप्रयोग आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'ब्राँझमध्ये आकृती ओतणे' असा सांगतात. ज्या लोकांची स्मृतीची कल्पनाच ओतकामाशी अशी बांधलेली आहे, त्यांच्या ओतीव वस्तू उचलून नेणे म्हणजे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

एक मासला देतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात एसिगी नावाचा ओबा होऊन गेला. इगाला लोकांनी बेनिनवर चाल केली तेव्हा त्यांच्या तोंडावर जाण्यास निघालेल्या सैन्याच्या डोक्यावरून एक पक्षी ओरडत गेला. हा भविष्य जाणणारा पक्षी, आणि त्याचे म्हणणे, पुढे नाश आहे. सैन्य थबकले. एसिगीने तो पक्षी मारविला, पुढे कूच केले आणि लढाई जिंकली. मग त्याने त्या पक्ष्याची आकृती माथ्यावर असलेले पितळी दंड ओतविले. उत्सवात सरदारांनी ते हातात घेऊन दुसऱ्या काठीने त्या पक्ष्याच्या चोचीवर ठोके देत राजापुढून जावयाचे, असा पाठ घालून दिला. अपशकुनाची टर उडविण्याचा विधी राजाज्ञेने पंचांगात घालणारा हा 'अंधश्रद्धाळू' राजा आमच्या सुधारकांस नक्की आवडला असता! याच युद्धात त्याची आई इदिया हिने मुलाच्या पाठीशी सैन्य उभे केले अशी कथा आहे. तिच्यासाठी त्याने राजमातेचे पद निर्माण केले, आणि ते पद आजतागायत चालू आहे. हस्तिदंतात कोरलेला तिचा मुखवटा ओबा उत्सवात कमरेला बांधी. त्याच्या शिरोभागी लहान लहान पोर्तुगीज मुखांची झालर आहे. म्हणजे गुरू म्हणविले गेलेले ते येथे वेणीतल्या फुलांच्या जागी आहेत.

ही दंडांची, मुखवट्यांची, मस्तकांची सामग्री देवघरातली होती. ओबा मरण पावला की त्याचा वारस त्याच्या नावाने वेदी घाली. तीवर पितळी मस्तके बसवी, आणि मस्तकाच्या टाळूवरील छिद्रात कोरीव हस्तिदंत उभा करी. पूर्वजांस बळी आणि नैवेद्य त्या वेदीपाशी पोचे.

१८९७च्या फेब्रुवारीत या वेद्या उपटल्या गेल्या. त्यामागचा प्रसंग थोडक्यात असा. तेलमाडाचे तेल आणि रबर यांच्या व्यापारावर ओबा ओवोनरामवेन याचे नियंत्रण इंग्रज व्यापाऱ्यांस जाचत होते. १८९२ साली एक तहनामा त्याच्याकडून करवून घेण्यात आला होता, पण त्याचे पालन त्यांच्या मनाजोगे होईना. हंगामी कौन्सल-जनरल फिलिप्स याने नोव्हेंबर १८९६मध्ये लंडनला पत्र लिहून ओबास गादीवरून दूर करण्याची परवानगी मागितली, आणि राजवाड्यात इतका हस्तिदंत सापडेल की मोहिमेचा खर्च भागेल अशी आशाही त्यात व्यक्त केली. खून होण्याआधीच दंडाच्या वसुलीचा हिशेब झालेला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उत्तराची वाट न पाहता जानेवारीत तो निघाला. उत्सव चालू आहे, या दिवसांत ओबा परक्यांस भेटत नाही, सबब येऊ नये, असे निरोप आले. ते त्याने मानले नाहीत. वाटेत त्याच्या मंडळीवर हल्ला झाला. दोघांखेरीज सर्व युरोपीय मारले गेले, आणि त्यांचे सामान वाहणारे पुष्कळ आफ्रिकी हमालही, ज्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. महिन्याभरात ॲडमिरल रॉसन सुमारे बाराशे माणसे व तोफा घेऊन आला. १८ फेब्रुवारीस शहर पडले, तीन दिवसांनी राजवाडा जळाला. जळक्या वाड्याच्या अंगणात ओतीव वस्तूंच्या राशीत बसलेल्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे त्यांनीच काढून ठेविली आहेत. ओबास कालाबारला नेऊन ठेविले, आणि तो तेथेच १९१४ साली वारला. वस्तू काही अधिकाऱ्यांच्या पेट्यांत गेल्या, काही आरमारी खात्याने खर्चाच्या भरपाईसाठी विकल्या. आज यांतील पाच हजारांवर वस्तूंची नोंद २० देशांतील १३१ संस्थांत झालेली आहे. एकट्या ब्रिटिश म्यूझियमात नऊशेहून अधिक आहेत.

आता 'नेऊन ठेवले म्हणून राहिले' हे दुसरे वाक्य. चारशे वर्षे ज्या वस्तू बेनिनमध्ये राहिल्या त्या पुढे राहिल्या नसत्या, याचा पुरावा काय? पुरावा उलट बाजूचा आहे. १९५०नंतर ब्रिटिश म्यूझियमने काही पट्ट 'दुबार' ठरवून विकले, आणि त्यांतील कित्येक नायजेरियात नव्याने उभ्या राहत असलेल्या संग्रहालयासाठी पैसे मोजून घ्यावे लागले. साचा फोडून एकेक वस्तू काढण्याच्या विद्येत 'दुबार' हा शब्द कोठून आला, हे आमच्या मूर्तिकारांनी सांगावे. आणि चोरीस गेलेले भांडे धन्यानेच विकत घ्यावे यास व्यवहारात काय म्हणतात, हे कोणीही सांगेल. १९७७ साली लागोस येथे आफ्रिकेचा मोठा कलामहोत्सव भरला. इदियेचा मुखवटा हेच त्याचे बोधचिन्ह होते. मुखवटा काही दिवसांपुरता मागितला असता मिळाला नाही. नायजेरियाच्या ओताऱ्यांस व कोरक्यांस त्याची प्रतिकृती करून वेळ निभवावी लागली. आणि सुरक्षिततेविषयी म्हणावे, तर ऑगस्ट २०२३मध्ये याच म्यूझियमातून वस्तू नाहीशा झाल्याचे उघडकीस आले, आणि हरवलेल्या, चोरीस गेलेल्या किंवा खराब केलेल्या वस्तूंची संख्या सुमारे २००० असल्याचे सांगण्यात आले. त्या बेनिनच्या नव्हत्या, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो; पण रखवालदारीच्या हक्कावर मालकी सांगणाराने कुलपांची अशी अवस्था असताना थोडे हळू बोलावे हे बरे. १९६३च्या कायद्याने आपले हात बांधलेले आहेत, असे ते सांगतात. कायदा त्यांच्याच पार्लमेंटने केला आहे.

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र पोकळ नाहीत, आणि ते टाळणे आम्हांस शोभणार नाही. बेनिनमध्ये नरबळी दिले जात, हे खरे. १८९७च्या त्या शेवटच्या आठवड्यांत तर संकट टाळण्यासाठी पुष्कळ दिले गेले असावेत. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु सतीची चाल होती म्हणून वेरूळचे कैलास लेणे उचलून नेण्याचा अधिकार कोणास पोचला असता काय? दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. या पितळेचा मोठा भाग युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेल्या कड्यांचा. त्या कड्यांची धातू जर्मनीच्या ऱ्हाइन प्रदेशातील खाणींची असल्याचे २०२३ साली रासायनिक परीक्षेने दाखविले गेले. ही कडी माणसे विकूनही मिळत. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्यांच्या वंशजांतील काहीजण म्हणूनच २०२२ साली म्हणाले की, या वस्तू ओबास परत देऊ नका, त्यांत आमच्या पूर्वजांची किंमत ओतलेली आहे. हे बोलणे ऐकून आम्ही पुष्कळ वेळ विचारात पडलो. या पितळेत त्यांचाही वाटा आहे, हे आम्हांस नाकारता येत नाही. परंतु त्यांच्या तक्रारीचा उच्चार करून वस्तू लंडनमध्येच ठेवू पाहणारे जे तिसरे, त्यांचा वाटा मात्र त्यात कोठेच बसत नाही. कारण ती कडी आणि ती माणसे यांची ने-आण करणारी जहाजे कोणाची होती हे सर्वश्रुत आहे.

आता आमच्या गृहस्थांकडे वळू. २०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा हेच गृहस्थ सहकुटुंब तेथे जाऊन रांगेत उभे राहिले होते. ती वाघनखे खरोखर शिवछत्रपतींचीच काय, याविषयी खुद्द त्या संग्रहालयाची खात्री नाही. ती मिळाली तीही तीन वर्षांच्या उसनवारीने. यावर आमच्या गृहस्थांचा संताप किती! 'आमचीच वस्तू आम्हांस उसनी?' हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मग तोच प्रश्न एदो मनुष्याने विचारला की तो हास्यास्पद कसा होतो? त्याच्या वस्तू त्याच्याच आहेत याविषयी तर कोणास शंकाही नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या अंगणातून, कोणी उचलल्या हे सारे लिहिलेले आहे.

याचे उत्तर आम्हांस एकच दिसते, आणि ते सुखाचे नाही. साहेबाने आम्हांविषयी जे लिहिले ते आम्ही खोटे मानले, आणि त्याच साहेबाने आफ्रिकेविषयी जे लिहिले ते मात्र पाठ केले. ऑक्सफर्डच्या ट्रेव्हर-रोपर नावाच्या इतिहासाध्यापकाने १९६३ साली सांगितले की, आफ्रिकेत युरोपीयांचा इतिहास तेवढा आहे, बाकी अंधार. आणि अंधार हा इतिहासाचा विषय नव्हे. त्याच्याआधी शंभरावर वर्षे हेगेलनेही असेच म्हटले होते. आमच्या भाषेत 'हबशी' हा शब्द आम्ही शिवीसारखा वापरतो; आणि जो मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून विकला जाऊन येथे आला, ज्याने १६२४ साली भातवडीस मोगल व आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला, ज्याच्या पदरी शहाजी राजे लढले आणि ज्याच्या शौर्याची स्तुती शिवभारतकार परमानंदासही करावीशी वाटली, त्याचा खंड कोणता हे शाळेतील मुलास विचारले तर ते गोंधळते. हबसाण आणि बेनिन यांत हजारो कोसांचे अंतर आहे हे आम्ही जाणतो. पण 'आफ्रिका' या एका शब्दात सारे कोंबून त्यावर 'रानटी' अशी चिठ्ठी लावणाऱ्यांस ते अंतर तरी कोठे ठाऊक असते?

सुदैवाने जग आमच्या दिवाणखान्यांची वाट पाहत थांबलेले नाही. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने आपल्या भोजनगृहातील पितळी कोंबडा २०२१ साली परत केला. त्याच महिन्यात ॲबर्डीन विद्यापीठाने एका ओबाचे मस्तक दिले. जुलै २०२२मध्ये जर्मनीने अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपविण्याचे मान्य केले, आणि डिसेंबरात त्यांच्या परराष्ट्रमंत्री पहिल्या वीसएक वस्तू स्वतः घेऊन गेल्या. लंडनच्याच हॉर्निमन म्यूझियमने ७२ वस्तूंची मालकी सोडली. नेदरलँड्सने २०२५ साली ११९ दिल्या. सरकारी म्यूझियमास जो कायदा आडवा येतो तो शेजारच्या खाजगी न्यासास आला नाही.

परत आलेल्या वस्तूंवरून बेनिन शहरात तंटा माजला आहे, हे आमच्या कानांवर लगेच घालण्यात आले. ते खरे आहे. मार्च २०२३मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी या वस्तूंची मालकी ओबाची असल्याचे जाहीर केले, तेव्हा काही युरोपीयांस आपण फसलो असे वाटले. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तेथील नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या वेळी ओबाच्या पक्षाचे लोक आवारात शिरल्याने समारंभ पुढे ढकलावा लागला. वस्तू राजवाड्यात असाव्यात की संग्रहालयात, ओबाच्या नावे की राष्ट्राच्या, हा वाद सोपा नाही. आणि आम्हांस विचाराल तर त्या सर्व लोकांस पाहता याव्यात असेच आमचे मत पडेल. परंतु आम्हांस कोणी विचारलेले नाही, आणि विचारू नये हेच योग्य. भाऊबंदांत वाटणीचा तंटा आहे, म्हणून दागिने चोराकडेच असू द्यावेत, असा निवाडा आमच्या कोणत्या पंचायतीने आजवर दिला आहे?